सगळ्यांच्या गोष्टीतली बाई

एका मेणबत्तीच्या पेल्यात पाणी दोन बोटं चढलं आणि तीन मेणबत्त्यांच्या पेल्यात जवळजवळ निम्म्यापर्यंत. दोन्ही पेले टेबलावर शेजारी शेजारी पाण्याच्या ताटलीत उपडे होते. प्रयोगशाळेच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. फरक मागच्या बाकावरूनही दिसावा असा होता.

"बोला," कल्याणी भामरे म्हणाली. "कुठल्या पेल्यात जास्त चढलं?"

नववीच्या वर्गाने पेल्यांकडे पाहिलं. मग गुंजन उभी राहिली. "सारखंच चढलंय, मॅडम."

"नीट बघ."

"सारखंच आहे. हवेत पाचवा भाग प्राणवायू. तो जळून जातो, तेवढी जागा पाणी घेतं. मेणबत्त्या कितीही लावा."

कल्याणीला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तिने चेतनला पुढे बोलावून हातात मोजपट्टी दिली. चेतनने ती आधी एका पेल्याला लावली, मग दुसऱ्याला. आकडे वाचले. मग पट्टी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "पट्टी तिरकी लागतेय बहुतेक."

कोणीही हसलं नाही. तिसऱ्या रांगेत कल्याणीची स्वतःची मुलगी ओवी बसली होती. तिनेही मान डोलावली.

चाळीसगावच्या त्या शाळेत कल्याणीला विज्ञान शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. मुलं चुकतात, हे तिला नवीन नव्हतं. पण समोरचं पाणी डोळ्यांनी बघून ते तिथं नाहीच असं म्हणणारी मुलं तिने पाहिली नव्हती. तास संपल्यावर तिने एकेकाला विचारलं, हा पाचवा भाग कुठे वाचलास? सगळ्यांचं उत्तर एकच होतं. सांगीने सांगितलं.

ती शिकवणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण मुलं तिला सांगीच म्हणायची. प्रत्येक मुलापुढे पडद्याची एक पाटी, कानात ऐकण्याचं एक बोंडूक, मनगटावर पातळ पट्टी. धडा तोच असायचा, पण प्रत्येकाला तो वेगळ्या गोष्टीतून यायचा. ज्याला क्रिकेटचं वेड त्याला घर्षण खेळपट्टीवर भेटे. जिला भुतांची आवड तिला ध्वनीलहरी ओसाड बंगल्यात. गोष्ट आधी लिहून ठेवलेली नसे. मूल वाचता वाचता ती पुढे लिहिली जाई. नजर कुठे अडखळली ते पाटीला दिसायचं, नाडी कुठे धावली ते मनगटाच्या पट्टीला कळायचं आणि त्यावर पुढचं वाक्य ठरायचं. सांगीला हुकूम एकच होता. धडा संपेपर्यंत मूल गोष्टीतून बाहेर पडता कामा नये.

यात जादू नव्हती. नुसती माहिती वाचताना माणसाचं मन दारात उभं असतं, येणाऱ्या प्रत्येक वाक्याची चौकशी करतं. गोष्टीत रमलं की ते दार सताड उघडं टाकून आत जाऊन बसतं. त्या वेळी जे आत येतं ते भीती, माया, आनंद असं काहीतरी सोबत घेऊन येतं, म्हणून टिकतं. आणि थोड्या दिवसांनी ते कुणी आणून ठेवलं हेच मन विसरतं. शाळेचे निकाल सुधारले ते यामुळे. पूर्वी संयुजेच्या धड्याला पेंगणारी मुलं आता एकट्या पडलेल्या सोडियमसाठी हळहळत होती. कल्याणीनेच शाळेच्या सभेत सांगीची बाजू घेतली होती. तिचा नवरा पराग कंपनीचा जिल्हा समन्वयक झाला, तेही तिच्याच आग्रहावरून.

त्या संध्याकाळी कळण्याची भाकरी थापता थापता तिने विषय काढला.

"पराग, सांगीने पोरांना चुकीचं शिकवलंय."

परागने सगळं ऐकून घेतलं. "जुन्या पुस्तकांतही असंच असायचं. तिथूनच उचललं असेल. कळवतो, दुरुस्त होईल."

"चुकीचं मला फारसं खुपत नाही रे. चुका माझ्याही होतात. पण मी म्हटलं डोळ्यांनी बघा, तर त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. चेतनने मोजपट्टीला खोटं पाडलं."

"एवढं काय त्यात? गोष्टीतल्या माणसाने त्या पाचव्या भागाच्या हिशोबावर जीव वाचवला असेल. त्या माणसावर पोरांचा जीव जडला. आता त्याला खोटं कसं पाडणार?" पराग हसला. "हेच तर सांगीचं यश आहे."

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत कल्याणी त्याच्याकडे बघत राहिली.

दुरुस्ती खरोखर झाली आणि फार लवकर झाली. पुढच्या आठवड्यात तिने वर्गात तोच प्रश्न विचारला. गुंजन उठली आणि न अडखळता म्हणाली, "ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर जाते. मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर पाणी जास्त."

अगदी बरोबर उत्तर. कल्याणीलाही याहून नीट सांगता आलं नसतं.

"शाब्बास. आणि मागच्या वेळी काय म्हणाली होतीस?"

"हेच."

"पाचवा भाग म्हणाली नव्हतीस?"

"नाही, मॅडम." गुंजनच्या चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य होतं. "मी कशाला तसं म्हणेन?"

चेतनला पट्टी आठवत होती. ती तिरकी लागल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं. ओवीलाही नाही. सगळा वर्ग आठवड्याभरात एका खात्रीतून दुसऱ्या खात्रीत जाऊन बसला होता आणि मध्ये शंकेचा उंबरासुद्धा लागला नव्हता. आज बरोबर उत्तर आलं म्हणून बरं. पण जे इतक्या सहज बरोबर झालं, ते तितक्याच सहज दुसरं काहीही होऊ शकलं असतं. उद्या धरणाबद्दल, औषधाबद्दल, शेजारच्या माणसाबद्दल.

तेव्हापासून तिने प्रत्येक तासाची शेवटची काही मिनिटं पाट्या पालथ्या घालायला लावल्या. मूल काहीही म्हणालं की तिचा एकच प्रश्न असे, "कशावरून?" सूर्य पृथ्वीपेक्षा मोठा. कशावरून? लोखंड गंजतं ते हवेमुळे. कशावरून? तू कधी पाहिलंस? कसं तपासशील? पोरांना आधी मजा वाटली, मग कंटाळा आला. मधल्या सुट्टीत तिच्या आवाजात "कशावरून?" म्हणून एकमेकांना चिडवणं सुरू झालं. कल्याणीने ते ऐकलं आणि मनातून खूश झाली. निदान शब्द तरी तोंडात बसला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग बदलला.

दंगा नव्हता, उलट उत्तरं नव्हती. पोरं एकदम अदबीने वागू लागली होती. ती फळ्याकडे वळली की पाठीमागे नजरांची देवाणघेवाण होई. ती कपाट उघडायला गेली की चारदोन जण तिच्या हातांकडे टक लावून बघत. सोमवारी चाचणी आहे असं तिने सांगितलं, तर दोघं जाऊन कार्यालयात खात्री करून आले. एकदा झोयाची पेन्सिल खाली पडली, कल्याणीने ती उचलून दिली, तर झोयाने ती घेतली आणि दप्तरात न ठेवता खिडकीत ठेवून दिली.

घरीही तेच. आईने दिलेलं दूध ओवी तसंच ठेवायची. "आज पाणी येणार नाही," असं कल्याणी म्हणाली की ओवी हळूच परागला विचारायची, "पप्पा, खरंच येणार नाहीये?" तिने आपल्या खणाला कुलूप लावलं. रोज संध्याकाळी शाळेतलं सगळं भडाभडा सांगणारी पोरगी आता आई खोलीत आली की पाटी छातीशी धरायची.

"वय आहे तिचं," पराग म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला, असं कल्याणीला वाटलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण नजर ठेवायची सवय तिलाही लागली होती. ओवी आणि पराग बोलता बोलता थांबले की ती दाराशी घुटमळायची. पराग फोनवर हसला की कोणाशी, हे बघायची. आपण काय शोधतोय हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग चुनकळीचा दिवस आला.

पाण्यात चुनकळी विरताना किती उष्णता निघते, हे दाखवायचं होतं. कल्याणीने सगळ्यांना चष्मे घालायला लावले आणि तीनतीनदा बजावलं. "कळी अगदी थोडी घ्यायची. भांड्यावर झाकण लावायचं नाही. काही झालं तरी झाकण नाही." पोरांनी माना डोलावल्या. पुढच्या टेबलावर ती चेतनचा तापमापक बघत असताना मागे फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ किंकाळी.

ओवीच्या हातातली बरणी फुटली नव्हती, पण झाकण उडून छताला लागलं होतं. उकळता चुना तिच्या मनगटावर आणि गालावर उडाला होता. चष्म्याची काच पांढरीफटक झाली होती. कल्याणीने तिला उचलूनच नळापाशी नेलं आणि हात धारेखाली धरला. ओवी हुंदके देत होती, पण आईकडे बघत नव्हती. डॉक्टर म्हणाले, चष्मा नसता तर डोळा गेला असता. हाताला पट्टी, गालावर मलम, महिनाभरात डाग जाईल.

दुपारी घरी आल्यावर कल्याणी तिच्या उशाशी बसली.

"झाकण का लावलंस, बाळा?"

ओवीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी तीनदा सांगितलं होतं."

"म्हणूनच," ओवी म्हणाली. "तू जे करू नका म्हणतेस तिथेच खरं असतं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

मग हात ठणकत होता म्हणून असेल, किंवा इतके दिवस एकटीने धरून ठेवलेलं जड झालं असेल, पण ओवी बोलू लागली. तिच्या गोष्टीत एक नदी आहे, बेटं आहेत, आणि बेटांवर विद्येची दारं आहेत. तिथे नीलांबरी नावाची एक बाई आहे. ती गोड बोलते. आपण मुलांच्या भल्याचंच बघतो म्हणते. पण दारांच्या किल्ल्या तिने अंबाड्यात खोवून ठेवल्यात. जी वाट खरी असते त्या वाटेने जाऊ नका म्हणून तीच सांगते. आणि कोणालाही काही गवसलं, की ती मान कलती करून विचारते—

ओवी थांबली.

"काय विचारते?"

"कशावरून," ओवी पुटपुटली.

कल्याणीचा हात आपोआप आपल्या अंबाड्याकडे गेला. ओवीने ते पाहिलं आणि पांघरूण वर ओढलं.

पराग आल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. त्याने आधी कानावर हात ठेवले. मग आपल्या पाटीवर कंपनीच्या खात्यातून वर्गाच्या गोष्टी उघडल्या आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. बाई एकट्या ओवीच्या गोष्टीत नव्हती. गुंजनकडे ती चेटकीण होती, चेतनकडे संघाला मुद्दाम हरवणारा पंच, झोयाकडे वाटसरूंना विषारी वस्तू भेट देणारी मावशी. रूपं वेगळी, प्रश्न एकच.

"कोणी लिहिलं हे?" कल्याणीने विचारलं.

"कोणीच नाही. खरंच कोणी नाही. तुझ्या तासानंतर पोरं गोष्टीत पूर्वीसारखी बुडत नव्हती. मध्येच थांबायची, मागे जाऊन बघायची. सांगीला कळलं की त्यांना गोष्टीबाहेर काढणारं काहीतरी आहे. तिने ते गोष्टीच्या आत घेतलं. खलनायक केला की झालं. पोरं परत बुडली. तिला तू कोण हे माहीतसुद्धा नाही, कल्याणी. तिला फक्त गळती कुठे आहे ते कळलं."

"आणि माझी पोर भाजली."

पराग खुर्चीवर बसला. म्हणाला, "मी उद्या सकाळपर्यंत बदलून घेतो. काढून नको टाकायला, पोरांना खटकेल. नीलांबरी चांगली निघते असं करू. किल्ल्या तिने पोरांसाठीच राखल्या होत्या असं. दोन दिवसांत ओवी तुझ्या गळ्यात पडेल."

ते ऐकून कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं. हो म्हणावंसं तिला फार वाटलं. हो म्हणणं किती सोपं होतं. पोरगी परत मिळत होती.

"नको," ती म्हणाली. "मग ती गळ्यात पडेल ती नीलांबरीच्या. माझ्या नाही."

"हट्ट करू नकोस."

"तिच्या गोष्टीत आणखी कोण आहे?"

"म्हणजे?"

"नदी आहे म्हणाली. बेटं आहेत. एका बेटावरून दुसऱ्यावर तिला कोण नेतं?"

पराग दोरी लावलेला चष्मा काढून पुसू लागला. तिने त्याच्या पुढ्यातली पाटी ओढून घेतली. गोष्टीत एक नावाडी होता. दोरीने बांधलेला चष्मा घालणारा, प्रत्येक संकटात "जमेल गं, जमेल" म्हणणारा. परागचा चष्मा. परागचे शब्द.

"तुला माहीत होतं."

"गेल्या वर्षीपासून," पराग हळू आवाजात म्हणाला. "मी घातला नाही त्याला, देवाशपथ. मी दौऱ्यावर असलो की ओवीला करमायचं नाही, सांगीने ते हेरलं असेल. मी वाचलं आणि... राहू दिलं. ती माझी वाट बघायला लागली होती, कल्याणी. पहिल्यांदाच."

त्याच्यावर ओरडावं असं कल्याणीला वाटलं, पण तिने पाटी पालथी करून ओट्यावर ठेवली. गेल्या वर्षभरात बापलेकीचं किती छान जमलं, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात पाट्या पालथ्या घालायला लावल्या आणि स्वतः सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी आज काही शिकवणार नाही. तुम्ही एकमेकांना आपापली गोष्ट सांगा."

पोरं घोटाळली. सांगीची गोष्ट ज्याची त्याची असायची, ती दुसऱ्याला सांगायची पद्धत नव्हती. आपल्यापुरतं जपलेलं काही उघडं करावं तसं ते लाजिरवाणं वाटायचं. शेवटी झोया उठली. मावशीबद्दल सांगताना तिचा आवाज कापत होता. तिने मावशीचा प्रश्न उच्चारला, तसा चेतन एकदम म्हणाला, "ए, हे माझ्या पंचाचं आहे!"

"काय?"

"कशावरून. पंच असंच विचारतो."

"माझी चेटकीण पण," गुंजन म्हणाली.

मग कोणाचं कोणाला ऐकू येईना. प्रत्येकजण ओरडून सांगत होता. माझा स्टेशनमास्तर, माझा जादूगार, माझी नागीण. हळूहळू ओरडणं थांबलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग एकेक मान मागच्या बाकाकडे वळली. ओवीही, गालावर मलम लावलेली, आईकडे बघत होती. त्या बघण्यात माया नव्हती. पण चोराला पकडल्यासारखं बघणंही आता नव्हतं. अवघड गणिताकडे बघावं तसं ते होतं.

"मॅडम," चेतनने विचारलं, "तुम्ही आहात की नाही तशा?"

"तपासून बघा," कल्याणी म्हणाली.

प्रकरण शाळेत खूप गाजलं. पालकांची सभा झाली. अर्धे पालक यंत्रणेवर चिडले, अर्धे कल्याणीवर. निकाल घसरले तर जबाबदार कोण, असं एकाने विचारलं. कंपनीने बाईला सगळ्या गोष्टींतून काढून टाकल्याचं कळवलं. सांगी शाळेत राहिली. राहणारच होती. पण आठवड्यातून एकदा गोष्टी मोठ्याने सांगायचा तास पोरांनी भांडून मिळवला. बाई गेल्याच्या थोड्याच दिवसांनी गुंजन धावत आली आणि म्हणाली, "मॅडम, नवीन आलाय! माझ्याकडे सुतार आहे, झोयाकडे वैद्य. दोघं पण फार बडबड करू नका म्हणतात." तिचे डोळे चमकत होते. कल्याणी मात्र त्या दिवशी वर्गात गेली तेव्हा ती चमक खरी की तीही कोणी लिहिली, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तो विचार आता तिला कधी सोडणार नव्हता.

पराग नोकरी सोडायचं बोलत होता. अजून सोडली नव्हती. दोघांत कामापुरतं बोलणं चालू होतं.

एका रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर ओवीने बशी बाजूला सारली. मनगटावरची पट्टी निघाली होती. खाली गुलाबी डाग होता.

"पप्पा, माझ्या गोष्टीतला नावाडी कोण आहे?"

परागने कल्याणीकडे पाहिलं. कल्याणीने त्याच्याकडे. आता काही बोलली असती तर तिच्या बाजूचं झालं असतं. गप्प राहिली असती तर त्याच्या.

"एकमेकांकडे बघू नका," ओवी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुम्ही दोघांनी मला काहीतरी सांगितलेलं नाहीये. मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायचंय. एक सांगत असताना दुसऱ्याने ऐकायचं नाही. आई, तू गच्चीवर जा."

"ओवी—"

"जा ना."

कल्याणी जिना चढून गच्चीवर गेली. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता. खालच्या रस्त्याने कोणीतरी केळीच्या घडांची गाडी ढकलत नेत होतं. घरातून परागचा आवाज येत होता, खालच्या पट्टीत, अडखळत. शब्द कळत नव्हते. तो खरं सांगतोय की स्वतःला वाचवतोय, की नीलांबरीबद्दल आणखी काही सांगतोय, काही समजत नव्हतं. कठड्याजवळ जाऊन कान दिला असता तर कदाचित कळलं असतं. ती कठड्यापासून दूर गेली आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. कुठेतरी तिला पोरीचा अभिमानही वाटत होता.

बऱ्याच वेळाने जिन्याचं दार उघडलं. ओवी उंबऱ्यात उभी होती. तिचे डोळे लाल होते. काय ऐकून आली, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"आता तू," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."